२,१४,७४,८३,६४७

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केला की येणारी मूळ संख्या. अशा घडणीच्या मूळ संख्यांना फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन यांचे नाव आहे. ३, ७, ३१, १२७, ८१९१, १३१०७१ आणि ५२४२८७ यांच्यामागून हिचा क्रम आठवा. घातांक ३१ स्वतःच मर्सेन मूळ असल्याने ही ‘दुहेरी मर्सेन’ही ठरते. तशा मूळ संख्या आजवर चारच माहीत आहेत.

इटलीच्या पिएत्रो कताल्दी यांनी १६०३ मध्ये २३, २९, ३१ आणि ३७ या घातांकांनाही मूळ संख्या येतात असे सांगितले. त्यांतले ३१ तेवढे बरोबर निघाले, तेही सिद्धतेविना. सिद्धता १७७२ मध्ये लेओनार्ड ऑयलर यांनी दिली. तेव्हा ते सेंट पीटर्सबर्गला होते आणि त्यांची दृष्टी जवळपास गेलेली होती. सरधोपटपणे जायचे तर वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या, पावणेपाच हजारांहून अधिक मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. पण या संख्येला मूळ विभाजक असलाच, तर त्याला ६२ ने भागून बाकी १ उरली पाहिजे, आणि ८ ने भागून १ किंवा ७. दोन्ही अटी जोडल्या की २४८ ने भागून १ किंवा ६३ बाकी उरणारेच उमेदवार राहतात, जेमतेम पावणेचारशे. त्यांतही ६३ आणि २४९ उघडच संयुक्त. पहिला खरा उमेदवार ३११. भागाकार ६९,०५,०९२, बाकी ३५. पुढच्या सर्वांची गत तीच.

हिला २ च्या ३० व्या घाताने गुणले की आठवी परिपूर्ण (स्वतःहून लहान विभाजकांच्या बेरजेइतकी) संख्या मिळते : २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८. इंग्रज गणिती पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये लिहिले की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही, कारण या संख्या नुसत्या कुतूहलाच्या, उपयोग काहीच नाही. एदुआर लुका यांनी १८७६ मध्ये १२७ या घातांकाची मर्सेन मूळ संख्या सिद्ध केली आणि भाकीत कोसळले.

उपयोगाचे म्हणाल, तर द्विमान पद्धतीत ही संख्या म्हणजे ओळीने एकतीस १. ३२ बिटांपैकी एक चिन्हासाठी राखला, की संगणकात मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या हीच; तीत १ मिळवला की बहुतेक यंत्रांत उत्तर ऋण होते. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा जागेत मोजणाऱ्या जुन्या प्रणालींची मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपेल. यात मूळ असण्याचा संबंध नाही. तो येतो यादृच्छिक संख्या तयार करताना : १६,८०७ ने गुणत जाऊन दर वेळी या संख्येने भागून बाकी घेतली, तर १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदा येऊन गेल्याशिवाय पुनरावृत्ती होत नाही.