अनोळखी माणसाला विचारलेले प्रश्न

लंडनच्या मध्यवस्तीत सतराव्या शतकात स्टॉक्स मार्केट नावाचा बाजार होता. तिथल्या स्मिथच्या कॉफीगृहात १६९१च्या मार्चपासून निनावी पत्रे येऊन पडू लागली. ती मागवणारा गृहस्थ म्हणजे जॉन डन्टन नावाचा पुस्तकविक्रेता. त्याने एका पानाचे, दोन्ही बाजूंनी छापलेले एक पत्रक काढले आणि जाहीर केले, की कोणीही, काहीही विचारावे; नाव सांगायची गरज नाही. पुढे 'अथेनियन मर्क्युरी' या नावाने ते गाजले. उत्तरे विद्वानांचे मोठे मंडळ देते असा डन्टनचा आव होता. प्रत्यक्षात मंडळ म्हणजे तो स्वतः, रिचर्ड सॉल्ट हा गणिती आणि सॅम्युअल वेस्ली हा पाद्री साडू, एवढेच. लोकांनी विज्ञानाचे आणि धर्माचे प्रश्न तर विचारलेच. पण नको असलेले लग्न, मोडलेले वचन, मनाला डाचणारे पाप हेही कागदावर उतरवले. नेहमीच्या पाद्र्याला सांगायचे तर रविवारी त्याच्याच समोर बसायचे, आणि या तिघांची गाठ कधीच पडायची नव्हती. आज मोबाइलवरून समुपदेशकाशी बोलणाऱ्याला ही सोय काल-परवाची वाटते, कोविडने आणलेली वाटते. तिचा मागोवा घेत आपण मागे गेलो, तर निदान या कॉफीगृहापर्यंत तरी जावे लागते.

डन्टनचे पत्रक १६९७मध्ये बंद पडले, पण वाचकांच्या खासगी प्रश्नांना छापील उत्तर देण्याची रीत टिकली. मराठीत तिने सर्वांत धीट रूप घेतले ते र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'मध्ये. जुलै १९२७मध्ये निघालेल्या या मासिकात लोक असे प्रश्न विचारत, जे घरात काढता येत नसत आणि डॉक्टरसमोरही जिभेवर येत नसत. लैंगिक अज्ञानातून आलेली भीती, आपण बिघडलो आहोत ही खंत, हे सगळे त्या पत्रांत असे. कर्वे कोरडे, थेट, शास्त्रीय उत्तर देत. गोंजारणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. पण 'यात भिण्यासारखे काही नाही' असे ठाम सांगणारा माणूस भेटणे हाच त्या काळी केवढा तरी आधार होता. याच प्रश्नोत्तरांवरून १९३४मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बचावाला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मासिकाचा विषयच लैंगिक शिक्षण असेल आणि वाचक त्याबद्दल विचारत असतील तर उत्तर द्यायचे नाही तर काय करायचे, असा त्यांचा सूर होता. ते खटला हरले, कर्व्यांना दंड झाला, उत्तरे मात्र चालूच राहिली. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे गेले आणि नोव्हेंबरच्या अंकानंतर मासिकही थांबले.

नेमक्या त्याच नोव्हेंबरात, २ तारखेला, लंडनमध्ये एक टेलिफोन सुरू झाला. चॅड व्हारा या पाद्र्याने १९३५मध्ये लिंकनला एका चौदा वर्षांच्या मुलीचा दफनविधी केला होता. पाळी आली म्हणजे आपल्याला गुप्तरोग जडला, असे समजून तिने जीव दिला होता. विचारायला तिला कोणी नव्हते. कर्वे ज्या अज्ञानाशी झुंजत होते, तेच हे. सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चमध्ये नेमणूक मिळाल्यावर व्हाराने तिथे 'समॅरिटन्स' या मदतसेवेचा फोन ठेवला. त्याचा क्रमांक मॅन्शन हाउस ९०००. मॅन्शन हाउस ही महापौरांची हवेली बांधली गेली ती जुन्या स्टॉक्स मार्केटच्या जागेवर, आणि वॉलब्रुकचे चर्च तिच्या पाठीशीच. अडीचशेहून अधिक वर्षांनी, डन्टनच्या कॉफीगृहापासून हाकेच्या अंतरावर, पुन्हा अनोळखी माणसेच प्रश्न घेऊन येऊ लागली. व्हाराला भेटायला ताटकळणाऱ्यांना चहा द्यायला काही साधी माणसे बसत. त्यांच्याशी बोलूनच बरेच जण हलके होऊन परत जातात, पाद्र्याची गरजच उरत नाही, हे त्याच्या ध्यानात आले. १९५४च्या फेब्रुवारीत त्याने फोन या स्वयंसेवकांच्या हाती सोपवला. माझ्या मते या सगळ्या प्रवासातले खरे वळण हेच: उपदेश मागे पडला, ऐकणे पुढे आले.

मग यंत्राला ऐकायला लावण्याची हौस आली. एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाऊम यांनी १९६६मध्ये 'एलायझा' ही आज्ञावली प्रसिद्ध केली. पु. लं.च्या 'ती फुलराणी'चे मूळ असलेल्या 'पिग्मॅलियन'च्या नायिकेवरून हे नाव घेतले होते. लिहिलेले वाक्य उलटवून प्रश्न म्हणून परत करायचे, एवढीच तिची करामत. तरी त्यांच्या सचिव बाईंनी तिच्याशी 'बोलताना' वायझेनबाऊमनाच खोलीबाहेर जायला सांगितले. ते यामुळे हादरले आणि पुढे संगणकाच्या अतिरेकी वापराचे टीकाकार झाले. माणसाने माणसाला संगणकावरून उत्तर देण्याची वाट निराळी निघाली. कॉर्नेल विद्यापीठात १९८६मध्ये 'अंकल एझ्रा' सुरू झाले. विद्यार्थी नाव न देता लिहीत आणि उत्तर सर्वांना वाचता येई. १९९४मध्ये समॅरिटन्सनीही ईमेल घ्यायला सुरुवात केली.

आपल्याकडे चेन्नईची 'स्नेहा' ही मदतसेवा १९८६ची, तर मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' २०१२ची. फोनबरोबर ईमेलवरही समुपदेशन देणारी. नोकरी सुटणे, घटस्फोट, परगावी एकटे पडणे, परीक्षेची धास्ती: आजाराचे नाव न लागणारी ही दुखणी अशा ठिकाणी मोकळेपणी बोलता येऊ लागली. २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, केंद्र सरकारने डॉक्टरांसाठी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांतली एक अट या वंशावळीत नवीच आहे. सल्ला निनावी असू नये, रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही एकमेकांची ओळख माहीत हवी. औषध लिहून द्यायचे तर हे रास्तच. पण डन्टनपासून जी गोष्ट या सोयीचा पाया होती, तीच इथे काढून घेतली गेली. १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेलिमानस' ही सरकारी मदतसेवा सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक, चोवीस तास, मराठीसह अनेक भाषांत, फुकट. व्हिडिओवर समुपदेशन घेणारे मात्र आता घरच्यांच्या कानाआड जायला गच्ची शोधतात, नाहीतर सोसायटीच्या आवारात उभ्या केलेल्या गाडीत काचा वर करून बसतात. खबरदार समुपदेशक सुरुवातीलाच विचारून घेतो: आत्ता कुठे आहात, जवळ कोणी आहे का, वेळ आली तर कोणाला फोन करू? डन्टनला हा प्रश्न विचारायची सोयच नव्हती. एखादे पत्र वाचून त्याच्या पोटात गोळा आला असेल, तरी ते लिहिणाऱ्याच्या दारापर्यंत जाणार कसा?