सायमन न्कोली

दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाविरुद्धच्या लढ्याची कथा निघाली की मंडेला, टांबो, सिसुलू ही नावे आपसूक ओठांवर येतात. सायमन न्कोली यांचे नाव सहसा येत नाही. १९५७ साली सोवेटोत जन्मलेले न्कोली विद्यार्थी चळवळीत वाढले. आपण समलिंगी आहोत, हे त्यांनी सहकाऱ्यांपासून लपविले नाही. तेव्हा त्यांना चिटणीसपदी ठेवावे की नाही यावर मते घेण्यात आली आणि बहुमताने ते राहिले.

१९८४ च्या सप्टेंबरात जोहान्सबर्गच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीय वसाहतींत घरभाडेवाढीविरुद्ध असंतोष पेटला. न्कोली पकडले गेले. त्यांच्यासह २२ जणांवर डेलमास येथे राजद्रोहाचा खटला उभा राहिला. त्या गुन्ह्याला तेथे फाशीची शिक्षा होती. पण खरा पेच पडला तो कोठडीत. न्कोली यांनी आपली प्रवृत्ती उघड सांगताच काही सहआरोपी अस्वस्थ झाले. यांच्यामुळे चळवळ बदनाम होईल, यांचा खटला निराळा चालावा, असे ते म्हणू लागले. दीर्घ वादविवादानंतर सर्वांनी एकत्रच उभे राहावयाचे ठरले. त्यांतले मोसिउआ लेकोटा पुढे मंत्री झाले. न्कोलींमुळे आपली दृष्टी पालटली, हे त्यांनी जाहीरपणे मान्य केले. उलट गोऱ्यांचा भरणा असलेल्या समलिंगी संघटनेने, आपल्याला राजकारण नको म्हणून, तुरुंगातील आपल्याच सभासदाकडे पाठ फिरविली. राजकारण नको म्हणणे हेही राजकारणच. पण ते असो.

१९८८ साली निर्दोष सुटताच न्कोली यांनी काळ्या-गोऱ्यांची एकत्र संघटना उभारली. १३ ऑक्टोबर १९९० रोजी जोहान्सबर्गमध्ये तिचा पहिला मोर्चा निघाला. माणसे सुमारे ८००. ओळख पटू नये म्हणून काहींनी डोक्यावर कागदी पिशव्या चढविल्या होत्या. १९९६ च्या राज्यघटनेने लैंगिक प्रवृत्तीवरून भेदभाव करण्यास मनाई केली. १९९८ च्या ऑक्टोबरात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणारा कायदा तेथील घटना-न्यायालयाने रद्द केला. २०१८ साली ३७७ व्या कलमाचा निर्णय देताना आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा दाखला दिला.

न्कोली यांना एचआयव्हीची लागण झालेली होती. वसाहतींत एड्सचे नाव काढण्यासही लोक धजत नसता त्यांनी ती उघडपणे सांगितली आणि तेथेच प्रबोधनाचे काम केले. रोगाला आवर घालणारी औषधे तोवर श्रीमंत देशांत मिळू लागली होती. सामान्य आफ्रिकनाला त्यांची किंमत परवडणारी नव्हती. ३० नोव्हेंबर १९९८ रोजी न्कोली निवर्तले. १० डिसेंबरला केपटाऊनच्या कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर मूठभर कार्यकर्ते जमले आणि सरकारने औषधोपचार द्यावेत, या मागणीसाठी त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सह्या घेण्यास सुरुवात केली.