उदमांजर : मळमड्डीतील घरालगतचा उपद्रव आणि रोगभय

उदमांजर (कांडेचोर, कानडीत कब्बेक्कु) : दिवसा झाडाच्या ढोलीत किंवा घराच्या माळ्यावर झोपणारा आणि अंधार पडल्यावर फळांच्या शोधात निघणारा सस्तन प्राणी. शास्त्रीय नाव पॅराडॉक्सुरस हर्माफ्रोडिटस. पालास या निसर्गशास्त्रज्ञाने १७७७ मध्ये त्याचे वर्णन केले. नर आणि मादी दोघांच्याही शेपटीखाली वृषणांसारख्या दिसणाऱ्या गंधग्रंथी असतात, त्यामुळे हे उभयलिंगी नाव त्याच्या माथी आले. तो मांजराच्या कुळातला नाही, जवादी मांजराच्या कुळातला आहे. वजन साधारण २ ते ५ किलो, अंगावर राठ करडे-काळे केस, पाठीवर गडद पट्टे, तोंडावर मुखवट्यासारखा काळा भाग आणि जवळजवळ धडाएवढी लांब शेपटी. अमेरिकेत कचऱ्याची पिंपे उपसणारा आणि तिथल्या मराठी घरांच्या परसातही दिसणारा ऑपॉसम भारतात नाही. तो पोटाला पिशवी असलेला प्राणी आहे आणि आज भारतात त्या गटातला एकही वन्य प्राणी आढळत नाही. ऑपॉसमची इथली जागा उदमांजराने भरून काढली आहे.

मळमड्डी ही धारवाड रेल्वे स्थानकाजवळची जुनी वस्ती. धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे इथल्या अनेक घरांत मराठी आणि कानडी शेजारी शेजारी नांदल्या. अशा जुन्या वस्त्यांतली मंगलोरी कौलांची घरे, मागे आंबा, पेरू, सीताफळ आणि एखादा नारळ असलेली परसे ही उदमांजराच्या दृष्टीने आदर्श व्यवस्था आहे. मंगलोरी कौले बाझल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात पाडायला सुरुवात केली. ती एकमेकांत अडकतात, पण आढ्याजवळ आणि भिंतीच्या माथ्यावर फट राहतेच. उदमांजराला आत शिरायला फार मोठी फट लागत नाही. एखादे कौल सरकले किंवा फुटले की पुरते.

उपद्रव बहुतेक आवाजाचा आणि घाणीचा असतो. रात्री दहानंतर माळ्यावर जड पावलांची ये-जा, पहाटे परत येताना कौलांची खडखड, आणि भिंतीच्या कडेला किंवा गच्चीच्या कोपऱ्यात ठरलेल्या जागी विष्ठा. या विष्ठेत पेरूच्या आणि जांभळाच्या बिया जशाच्या तशा दिसतात, म्हणूनच ती घुशीच्या किंवा मांजराच्या विष्ठेपासून लगेच वेगळी ओळखू येते. विष्ठेतून निघालेल्या कॉफीबियांचा इंडोनेशियात कोपी लुवाक नावाने मोठा धंदा झाला. प्राण्यांना पिंजऱ्यात कोंडून चालवलेला तो धंदा आता बदनाम आहे. माळ्यावर उदमांजर असल्यास बासमती शिजतो तसा वास येतो, असे पुष्कळजण सांगतात. घरातल्या कोंबड्या, कबुतरे यांना त्याच्यापासून धोका असतो. पण उदमांजर उंदीर आणि किडेही खाते, आणि ही गोष्ट पुढच्या मजकुराशी निगडित आहे.

घरात वन्य प्राणी शिरला की पहिली भीती रोगाची असते. उदमांजराच्या बाबतीत या भीतीला २००३ मध्ये आणखी खतपाणी मिळाले. चीनमधल्या ग्वांगदोंग प्रांतातल्या सार्सच्या साथीत बाजारात विकल्या जाणाऱ्या उदमांजरांत विषाणू सापडला आणि पुढच्या वर्षी तिथे हजारो प्राणी मारण्यात आले. तो प्राणी पागुमा लार्व्हाटा, म्हणजे या कुळातली वेगळी जात. विषाणूचा मूळ साठा नालमुखी वटवाघळांत असल्याचे नंतरच्या संशोधनातून दिसले. मळमड्डीच्या माळ्यावरच्या प्राण्याचा त्या साथीशी काही संबंध नव्हता, तरी ‘उदमांजर म्हणजे सार्स’ हे समीकरण लोकांच्या डोक्यात बसले.

खरी जोखीम कुठे आहे, हे धारवाड-हुबळीच्या इतिहासात लख्ख दिसते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत आलेला प्लेग दोन वर्षांत हुबळीत पोहोचला. हुबळी म्हणजे कापसाची पेठ आणि रेल्वेचे जंक्शन. धान्य आणि कापसाच्या गठ्ठ्यांबरोबर उंदीर आणि त्यांच्या पिसवा सहज येऊ शकत. १८९८ मध्ये तिथे सर्जन-कॅप्टन ल्यूमन यांच्या देखरेखीखाली हाफकिन यांनी बनवलेली प्लेगची लस हजारो लोकांना टोचली गेली. लसीच्या पहिल्या मोठ्या प्रयोगांत हुबळीचे नाव वारंवार येते. त्याच वर्षी कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी प्लेगचा जंतू उंदराच्या पिसवेमार्फत माणसाकडे येतो हे दाखवले, पण ते मान्य व्हायला बरीच वर्षे गेली. गावोगावच्या लोकांना मात्र हे ढोबळपणे कळले होते. घरात मेलेला उंदीर पडला की सामान उचलून शेतात झोपड्या ठोकायच्या, ही रीत सरकारी फर्मानाशिवायही पडली होती. उंदीर मेला की भुकेली पिसू दुसऱ्या रक्ताच्या शोधात निघते, हे कारण त्यांना ठाऊक नव्हते, पण कृती बरोबर होती. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि त्यापाठोपाठ सुरतेत प्लेगच्या बातम्या आल्या तेव्हा हीच भीती पुन्हा जागी झाली.

म्हणून माळ्यावरची खुडबुड ऐकून आधी विचार उंदीर आणि घुशीचा करावा. घुशीला कानडीत हेग्गण म्हणतात आणि जुन्या घरांचे पाये पोखरण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही. उंदीर-घुशींच्या मूत्रातून लेप्टोस्पायरा हा जंतू पाण्यात मिसळतो आणि पायाच्या भेगेतून शरीरात शिरतो. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पुरानंतर त्यापासून होणारा लेप्टोस्पायरोसिस हा रोग घरोघर माहीत झाला. साचलेल्या पाण्यात अनवाणी फिरू नये, गटाराला झाकण असावे, धान्य पत्र्याच्या डब्यात ठेवावे, इतक्या साध्या उपायांनी हे टळते. उंदरांसाठी पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट मात्र घरात आणू नये. तिने दक्षिण भारतात अनेक माणसांचे, मुलांचेही, यकृत निकामी करून बळी घेतले आहेत. इतर उंदीरमार औषधे खाऊन अर्धमेला झालेला उंदीर मांजराने किंवा उदमांजराने खाल्ला तर तेही मरू शकते, आणि मग उंदरांना मोकळे रान मिळते.

रेबीजची शक्यता मात्र हलक्यात घेऊ नये. हा विषाणू कोणत्याही सस्तन प्राण्यात जाऊ शकतो, उदमांजरातही, पण भारतात माणसाला तो प्रामुख्याने कुत्र्याच्या चाव्यातून होतो. भर दिवसा लडखडत फिरणारे, माणसाला न भिणारे किंवा विनाकारण अंगावर येणारे उदमांजर दिसले तर हात लावू नये, कुत्र्याला त्याच्यावर सोडू नये आणि वनखात्याला कळवावे. चावा बसला किंवा ओरखडा उठला तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, मिरची, चुना, चहापत्ती काहीही लावू नये. मग त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, या जुन्या धास्तीने टाळाटाळ करणारे अजूनही भेटतात. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता त्वचेत द्यायच्या पद्धतीने ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी दंडावर लस दिली जाते, आणि रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. घरच्या कुत्र्याला वयाच्या तिसऱ्या महिन्यात रेबीजची पहिली लस आणि पुढे दरवर्षी बूस्टर, हा कार्यक्रम चुकवू नये. कुत्र्यांतला डिस्टेंपर आणि मांजरांतला पॅनल्यूकोपेनिया हे रोग उदमांजरांतही दिसतात. तेव्हा धोका दोन्ही दिशांनी असतो. पुष्कळदा घरचे लस न दिलेले जनावरच बाहेरच्याला रोग देते. रात्री अंगणात उरलेली भाकरी किंवा कुत्र्याचे ताट ठेवले की घरच्या आणि बाहेरच्या जनावरांची भेट घडते.

पक्षी, उदमांजर किंवा वटवाघळाने अर्धवट खाल्लेली फळे उचलून खाऊ नयेत. केरळात २०१८ मध्ये वटवाघळांतून पसरणारा निपा विषाणू आला; महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत २०२० साली गोळा केलेल्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला त्याच्या खुणा मिळाल्या. माकडतापाचे क्षेत्र मात्र वेगळे: १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात उघड झालेला हा गोचिडीचा रोग गेल्या दशकात गोव्याच्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गात पोहोचला, पण शहरी परसातल्या उदमांजराशी तो जोडण्याचे कारण नाही.

उदमांजर पकडणे, मारणे किंवा परस्पर दुसरीकडे नेऊन सोडणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा ठरू शकतो. शिवाय रिकाम्या झालेल्या जागी बहुधा दुसरे उदमांजर येऊन बसते. फट मोकळी राहिली तर पकडण्याला अर्थ नाही. दिवे लावणे, धुरी देणे, डांबरगोळ्या टाकणे यांचा परिणाम काही दिवसच टिकतो. घराच्या छपराला चिकटलेल्या फांद्या निदान तीन-चार फूट मागे छाटाव्यात, पडलेली फळे संध्याकाळपर्यंत उचलावीत आणि फुटकी कौले बदलावीत. आढ्याजवळची फट लोखंडी जाळीने बंद करावी, पण पिल्ले नाहीत याची खात्री करून. मादी एका वेळी दोन ते पाच पिल्ले घालते आणि ती मोठी होईपर्यंत माळा सोडत नाही. पिल्ले नसतील तरच फट बंद करायची, तीही रात्री, प्राणी बाहेर गेल्यावर. माळ्यावर आत पिल्लांचा चिरका आवाज येत असेल तर काही आठवडे थांबणे, हेच स्वस्त आणि कायदेशीर. नंतर विष्ठा झाडूने झाडू नये; आधी ब्लीचिंगच्या पाण्याने भिजवून, हातमोजे आणि तोंडाला फडके लावून गोळा करावी, कारण कोरडी झाडली तर धूळ श्वासात जाते.