एका तबकडीच्या दोन बाजू



गेल्या साली एका मोठ्या सभागृहात मला कविता वाचायला बोलावलं होतं. वाचल्या. टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी एक गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, "तुम्ही गिरणीत काम करता? वाटत नाही." च्यायला, काय वाटायला पाहिजे होतं मग? अंगावर कापूस चिकटवून यायला पाहिजे होतं का? घरी आलो तर वस्तीतला एक मित्र उंबऱ्यातच म्हणाला, "नाचून आलास त्यांच्यापुढं?"

दोन्ही वाक्यं डोक्यात घेऊन मी बरेच दिवस रात्रपाळ्या केल्या. रिंगखात्यात माणसाला विचार करायला भरपूर वेळ असतो. हात तुटलेला धागा सांधत असतात, डोकं मोकळं असतं. त्या दिवसांतच रद्दीवाल्याकडे एक जुनी रेकॉर्ड सापडली. एका दोस्ताकडे वाजवायचं यंत्र होतं. तीच रेकॉर्ड मी पुन्हा पुन्हा ऐकली आणि तिच्याबद्दल मिळेल ते वाचलं. त्यातला इतिहास इथं मांडतो, कारण तो आपल्याही कामाचा आहे.

रेकॉर्ड आहे अमेरिकेतल्या मॉन्टेरे पॉप फेस्टिव्हलची. १६, १७, १८ जून १९६७ असे तीन दिवस कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे गावच्या जत्रेच्या मैदानावर हा संगीताचा मेळा भरला. पुढं वुडस्टॉक वगैरे जे गाजलं, त्याच्या दोन वर्षं आधी. तिथल्या गाण्यांची ही तबकडी १९७० च्या ऑगस्टमध्ये बाजारात आली. एका बाजूला जिमी हेंड्रिक्स, चार गाणी. दुसऱ्या बाजूला ओटिस रेडिंग, पाच गाणी. दोघंही काळे. समोरचा जमाव बहुतेक सगळा गोरा, लांब केसांचा, फुलं माळलेला. म्हणजे या तबकडीवर जेवढं गाणं आहे तेवढाच तो सवालही आहे, जो माझा मित्र उंबऱ्यात विचारत होता.

आधी काळ ध्यानात घ्या. १९६७ च्या त्या उन्हाळ्याला अमेरिकेत 'प्रेमाचा उन्हाळा' म्हणतात. कुणाचं प्रेम? मॉन्टेरेच्या सहा आठवडे आधी, २ मे १९६७ ला, ब्लॅक पँथर पक्षाचे लोक बंदुका घेऊन याच कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात शिरले होते. हा पक्ष ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोघांनी १९६६ साली ओकलंडमध्ये काढला होता. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी 'दलित पँथर' हे नाव घेतलं ते त्यांच्यावरूनच. मॉन्टेरेनंतर महिनाभरात न्यूअर्क पेटलं, मग डेट्रॉइट. एकट्या डेट्रॉइटमध्ये ४३ माणसं मेली. एकाच देशात, एकाच उन्हाळ्यात, एकीकडं फुलं आणि दुसरीकडं रस्त्यावर रणगाडे. या दोन्हींच्या मधोमध उभं राहून ते दोघं गायले.

आता ओटिसची बाजू लावू.

ओटिस रेडिंगचा जन्म १९४१ चा, जॉर्जिया राज्यातला. बाप दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्यानं राबणारा. ओटिस मेकन शहरात वाढला. विहिरी खणल्या, पेट्रोल पंपावर काम केलं. १९६२ साली दुसऱ्याच एका वादकाची गाडी चालवत तो मेम्फिस शहरातल्या स्टॅक्स कंपनीत आला. आला ड्रायव्हर म्हणून. दिवस संपता संपता त्यानं हट्टानं दोन गाणी म्हणून दाखवली आणि स्टॅक्सला तिचा सगळ्यात मोठा गायक मिळाला.

स्टॅक्सचा स्टुडिओ म्हणजे काळ्यांच्या मोहल्ल्यातलं एक जुनं सिनेमा थेटर. मालक भाऊ-बहीण गोरे, गायक बहुतेक काळे. 'बुकर टी अँड द एमजीज' हे तिथलं घरचं वादकमंडळ, त्यात दोन काळे नि दोन गोरे. ज्या शहरात काळ्या-गोऱ्यांनी एका टेबलावर बसून खाणं म्हणजे भानगड, तिथं ही पोरं एका खोलीत बसून ताल धरायची. आणि बाहेर एकत्र बसायचं तर एका काळ्या माणसाच्या मालकीच्या लोरेन मोटेलात. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

१७ जूनच्या रात्री ओटिस शेवटी मंचावर आला. हिरवट सूट, उंचापुरा गडी, मागं तेच एमजीज आणि पितळी वाद्यंवाले. त्या मेळ्यात सगळे झिरमिळ्यांचे कपडे घालून आले होते. हे मात्र कामावर आल्यासारखे टापटीप. ओटिसनं आपलं काही बदललं नाही. काळ्या वस्तीतल्या थेटरात जसं गायचा तसंच इथं गायला. शेवटचं गाणं ऐका. हळू, जवळजवळ कुजबुजल्यासारखं सुरू होतं. ढोलवाला अल जॅक्सन नुसत्या काडीनं टकटक करत राहतो. साचा सुरू करताना पहिले फेरे कसे सावकाश पडतात, तसं. मग एकेक वाद्य येतं, वेग वाढतो, आणि शेवटी सगळं खातं एकदम चालू झाल्यासारखं होतं. जमाव हलला. हे सांगायला इंग्रजी यावं लागत नाही, रेकॉर्डवर ते कानांना कळतं.

त्या पाचांतलं एक गाणं म्हणजे 'रिस्पेक्ट'. म्हणजे मान. ओटिसनं ते १९६५ साली लिहिलं, गायलं. त्यात राबून घरी आलेला पुरुष बायकोकडं मान मागतो. १९६७ साली अरीथा फ्रँकलिन या काळ्या बाईनं तेच गाणं उचललं आणि उलटं केलं. आता बाई मान मागू लागली, नव्हे, वसूल करू लागली. मॉन्टेरेच्या त्याच जून महिन्यात अरीथाचं गाणं देशात पहिल्या नंबरवर होतं. ओटिसनं मंचावर हसत कबूल केलं की एका पोरीनं माझं गाणं नेलं. आपल्या चळवळीतल्या पुरुषांनी हे नीट ऐकावं. गावाकडून, मालकाकडून मान मागणारे आपण. तोच मान घरात कुणी आपल्याकडं मागितला, की आपला आवाज चढतो.

ओटिसला त्यानंतर सहा महिनेही मिळाले नाहीत. १० डिसेंबर १९६७ ला त्याचं विमान विस्कॉन्सिनमधल्या मोनोना तळ्यात कोसळलं. तो गेला आणि त्याच्याबरोबर 'बार-केज' मंडळातली अठरा-एकोणिसाची चार पोरंही गेली. ओटिसचं वय २६. मरणाच्या तीन दिवस आधीपर्यंत ज्याचं काम चाललं होतं ते गोदीवरचं गाणं १९६८ मध्ये पहिल्या नंबरवर गेलं. ते बघायला तो नव्हता.

आता लोरेन मोटेल. १ फेब्रुवारी १९६८ ला मेम्फिसमध्ये पावसापासून आडोशाला कचऱ्याच्या गाडीत बसलेले दोन सफाई कामगार गाडीच्याच यंत्रात चिरडून मेले. इकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर. अकरा दिवसांनी १३०० सफाई कामगार संपावर गेले. जवळजवळ सगळे काळे. त्यांनी गळ्यात पाट्या अडकवल्या होत्या, 'मी माणूस आहे'. पगारवाढीच्या आकड्याआधी हे सांगावं लागलं. गटारात, मॅनहोलमध्ये आपली माणसं आजही मरतात, म्हणून ती पाटी कुणी आपल्याला समजावून सांगायला नको. त्या संपाला पाठिंबा द्यायला मार्टिन ल्यूथर किंग मेम्फिसला आले. ४ एप्रिल १९६८ ला त्यांना गोळी घातली ती लोरेन मोटेलच्या गॅलरीत. ज्या जागी काळी-गोरी पोरं एकत्र बसून गाणी जुळवत होती, त्याच जागी.

आणि त्याच १९६८ साली स्टॅक्सला कळलं की आपली गाणी आपली नाहीतच. गाणी देशभर विकणाऱ्या अटलांटिक कंपनीशी १९६५ साली करार झाला होता. तो नीट न वाचता सही केलेली. त्यात बारीक अक्षरात होतं की विकलेल्या सगळ्या रेकॉर्डिंगची मालकी अटलांटिकची. अटलांटिक दुसऱ्या मोठ्या कंपनीला विकली गेली, आणि हिशेब करायला बसल्यावर स्टॅक्सच्या हाती काही उरलं नाही. घाम मेम्फिसचा, सातबारा न्यूयॉर्कच्या नावावर.

आता तबकडी उलटी करू.

जिमी हेंड्रिक्स, जन्म १९४२, सिएटल. फौजेत छत्रीधारी सैनिक होता. नंतर लिटल रिचर्ड, आयस्ली ब्रदर्स अशा काळ्या कलावंतांच्या मागं उभं राहून वर्षानुवर्षं गिटार वाजवली. डावखुरा, म्हणून उजव्या हाताची गिटार उलटी धरायचा. स्वतःच्या देशात कुणी ओळखेना. १९६६ मध्ये लंडनला नेला गेला, तिथं दोन गोरे साथीदार मिळाले आणि वर्षभरात नाव झालं. मॉन्टेरेला आला तेव्हा त्याची पहिली एलपी अमेरिकेत निघालीही नव्हती. परदेशातून पाहुणा यावा तसा तो मायदेशी आला.

१८ जूनची रात्र. त्यानं गोऱ्या बॉब डिलनचं गाणं घेतलं आणि काळ्या ब्लूजमध्ये बुडवून काढलं. मग बी. बी. किंगचं ब्लूज घेतलं, त्याला असा वेग दिला की ओळखू येईना. शेवटी गिटार जमिनीवर ठेवली, तिच्यावर लायटरचं तेल ओतलं आणि काडी लावली. रेकॉर्डवर जाळ दिसत नाही. नुसता विजेचा आक्रोश ऐकू येतो.

त्याच दिवशी दुपारी त्याच मंचावर आपले पंडित रविशंकर तीनेक तास सतार वाजवून गेले होते, तबल्यावर अल्लारखा. बाकी सगळे कलावंत फुकट गायले, मानधन घेतलं ते एकट्या रविशंकरांनी, तीन हजार डॉलर. गिटार जाळलेली पाहून त्यांना फार क्लेश झाले, हे त्यांनी पुढं अनेकदा सांगितलं. आपल्याकडं वाद्य म्हणजे देव, त्याची पूजा करायची.

इथं मी थांबलो. वाद्य देव, मान्य. पण तबल्यावर ताणलेलं चामडं कुणी सोललं, कुणी कमावलं? वाद्याला पाय लागला तर नमस्कार करायचा, आणि चामडं कमावणाऱ्याची सावली पडली तर आंघोळ करायची. असा हा देव.

माझी आजी सांगायची. तिचा सासरा गावची हलगी वाजवायचा. लग्नात पुढं, मयतीत पुढं, जत्रेत पुढं, आणि जेवायला सगळ्यांच्या मागनं, उकिरड्याशेजारी. हलगी जाळावर शेकायची, कातडं ताणलं की कडाडायची. १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्म दिला. त्यानंतर त्या म्हाताऱ्यानं हलगी शेवटची जाळावर धरली, ती मागं घेतलीच नाही. आजी म्हणायची, त्या रात्री तो जेवला नाही. हात फार चांगला होता त्याचा.

हेंड्रिक्सचा जाळ आणि हा जाळ एक नव्हे. हेंड्रिक्सनं आपली गिटार जाळली, नंतर दुसरी घेतली. म्हाताऱ्यानं गावानं गळ्यात बांधलेली वेठ जाळली, आणि तिच्याबरोबर आपली कलाही. त्याला दुसरी मिळणार नव्हती. पण वाद्याला देव म्हणणाऱ्यांना या दोन्ही जाळांतलं दुःख कळणार नाही, एवढं खरं.

हेंड्रिक्सवरही तोच आरोप झाला, गोऱ्यांना रिझवणारा काळा. एका गोऱ्या समीक्षकानंच मॉन्टेरेवर लिहिताना तसं म्हटलं. काळ्यांची रेडिओ स्टेशनंही त्याला फारशी वाजवत नव्हती. तो दोन्हीकडनं उपरा. पण पुढचं बघा. सप्टेंबर १९६९ मध्ये तो हार्लेमच्या रस्त्यावर फुकट वाजवायला गेला. वर्षअखेरीस दोन काळे साथीदार घेऊन नवं मंडळ केलं आणि व्हिएतनामच्या लढाईवर मशिनगनचं गाणं वाजवलं. १८ सप्टेंबर १९७० ला लंडनमध्ये तो मेला. वय २७. मॉन्टेरेची तबकडी बाजारात येऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. म्हणजे ही रेकॉर्ड निघाली तेव्हा एक बाजू मेलेल्याची होती, महिन्याभरात दोन्ही झाल्या.

मित्राला मी आता काय उत्तर देऊ? गोऱ्यांपुढं गायलं म्हणून गाणं गोऱ्यांचं होत नाही. ओटिस आपला ताल बदलला नाही. हेंड्रिक्सनं त्यांचीच गाणी घेऊन उलटीपालटी केली. दोन्ही वाटा खऱ्या. पण टाळ्या म्हणजे मान नव्हे. मॉन्टेरेत टाळ्या पडल्या, आणि वर्षाच्या आत मेम्फिसच्या कामगारांना 'मी माणूस आहे' हे गळ्यात लटकवावं लागलंच.

स्टॅक्सनं यातून एक शिकून घेतलं. २० ऑगस्ट १९७२ ला लॉस एंजेलिसच्या मोठ्या स्टेडियमवर त्यांनी स्वतःचा मेळा भरवला, 'वॉटस्टॅक्स'. सात वर्षांपूर्वी, १९६५ मध्ये, पेटलेल्या वॉट्स वस्तीच्या आठवणीत. तिकीट एक डॉलर. लाखाच्या वर माणसं, बहुतेक सगळी काळी. गाणारे आपले, ऐकणारे आपले. कंपनी पुढं १९७५ च्या अखेरीस दिवाळखोरीत गेली, तो पैशाचा इतिहास वेगळा. पण मेळा झाला तो झाला.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. बोलावलं तर जाऊ, पण एकटं जायचं नाही. ओटिस आपलं मंडळ घेऊन गेला होता. आपला ताल बदलायचा नाही. कुणी छापतो म्हणाला तर सही करण्याआधी बारीक अक्षर वाचायचं, चार जणांना दाखवायचं. आणि वर्षातनं एकदा तरी आपल्याच मैदानात, आपल्याच माणसांसाठी, एका रुपयात मेळा भरवायचा. त्यात हलगी वाजवायची, वेठीची नव्हे, आपली. म्हाताऱ्याचा हात कुणाच्या तरी हातात उतरला असेल अजून.

वस्तीतल्या मित्राला मी ही रेकॉर्ड ऐकवली. दोन्ही बाजू संपल्यावर तो काही बोलला नाही. म्हणाला, "दुसरी पुन्हा लाव."

पाळीची वेळ झाली. जय भीम.