काँग्रेस विहीर ते बळ्ळारी नाला

डिसेंबर 1924 मध्ये बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष झाले ते या एकाच अधिवेशनाचे. यजमान होते गंगाधरराव देशपांडे, आणि हजारो पाहुण्यांना पाणी कुठून पाजायचं ही चिंता त्यांचीच. त्यासाठी टिळकवाडीत नवी विहीर खणली. खर्च सुमारे 4,370 रुपये. मंडपनगरीचं नाव विजयनगर, म्हणून विहिरीला पंपासरोवर म्हटलं. लोकांच्या तोंडी मात्र ‘काँग्रेस विहीर’च राहिली. सफाईचं काम काकासाहेब कालेलकरांनी उचललं आणि संडास साफ करायला उच्चवर्णीय घरांतले स्वयंसेवकही उतरले. त्या काळच्या बेळगावात ठरावांपेक्षा याचीच चर्चा जास्त झाली असेल.

शहर तेव्हा विहिरींवरच जगत होतं. पाऊस मुबलक, आणि जमिनीत सच्छिद्र जांभा. पावसाचं पाणी त्यात मुरून विहिरीला उतरायचं. पण त्याच वाटेनं संडासाच्या खड्ड्यातलं पाणीही उतरतं. वस्ती विरळ होती तोवर निभावलं.

1956 मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि सीमावाद पेटला. पुढे 1960च्या दशकात मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप जलाशयाचं पाणी शहराला मिळू लागलं. जलाशयालगतचं तुडये हे गाव चंदगड तालुक्यातलं, म्हणजे महाराष्ट्रातलं. सीमेचा खटला कोर्टात पडून असला तरी तिकडचा पाऊस बेळगावच्या नळाला येतोच! पावसाळ्यात राकसकोपची पातळी ही स्थानिक वृत्तपत्रांची नित्याची बातमी असते. ती 2,475 फुटांवर गेली की जलाशय भरला.

नळ आले तशा विहिरी अडगळीत गेल्या, काहींत तर कचरा पडू लागला. 1990च्या दशकातल्या टंचाईत त्यांची आठवण झाली. गाळ उपसून पंप बसवले. हिडकल धरणाचं पाणीही आलं. तरी बऱ्याच गल्ल्यांत काही दिवसांआडच नळ सुटायचा. असं थांबून-थांबून येणारं पाणी नुसतं अपुरं नसतं, धोक्याचंही असतं. नळ रिकामा असताना आत दाब नसतो, आणि फुटक्या सांध्यातून शेजारच्या गटाराचं पाणी आत शिरतं.

यावर उपाय म्हणून जागतिक बँकेच्या कर्जातून हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा इथल्या काही भागांत 2008 मध्ये चोवीस तास पाणी सुरू झालं. नव्या वाहिन्या, घरोघरी मीटर. पण त्याचा लाभ झाला तो या शहरांतल्या जेमतेम दहा टक्के लोकांना; बाकीच्यांची पिंपं भरून ठेवायची सवय सुटली नाही. 2011च्या जनगणनेत बेळगावची लोकसंख्या 4 लाख 88 हजारांवर पोचली होती.

घरात पाणी वाढलं की मोरीतूनही तेवढंच बाहेर पडतं. हा हिशेब शहरानं फार उशिरा मांडला. सांडपाणी जातं बळ्ळारी नाल्यात, आणि जोराच्या पावसात नाला फुगला की ते शहापूर-वडगावच्या भातशेतीत घुसतं. सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पासाठी हलग्याच्या शिवारात जागा घ्यायची ठरली, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी कडाडून विरोध केला. शहराची घाण निस्तरायला सुपीक जमीन आपणच का द्यायची, हा त्यांचा सवाल रास्तच होता.