दुनळी बंदूक आणि तिचे काडतूस

वन्यजीव कायद्याने हौसेची शिकार संपली. पण शेतीच्या राखणीचा परवाना असलेली घरे कोकणात आणि घाटमाथ्यावर अजून आहेत, आणि त्यांतल्या एखाद्या घरी आजोबांच्या वेळची विलायती दुनळी असते. दुकानदार विचारतो, "बारा बोअर ना? मग हे घ्या." काडतूस नळीत सुळकन जाते. तुम्ही म्हणाल, झाले की काम! पण या 'सुळकन जाण्या'नेच पुष्कळांना फसवले आहे.

बारा बोअर म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतल्या एकीचा जो व्यास, तो नळीचा. बस्स, एवढेच. नळी किती दाब सोसेल, काडतुसाचे घर किती लांब आहे, हे त्या आकड्यात नाही.

1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात लफोशो या फ्रेंच कारागिराची, मागून उघडणारी बंदूक इंग्रजांनी पाहिली आणि ठासणीची बंदूक हळूहळू मागे पडली. तेव्हाची दारू काळी. नळ्याही कशा, तर लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, गजाभोवती गुंडाळून, तापवून जोडलेल्या. त्यांना दमास्कस म्हणत. त्यांवरची वेलबुट्टी आजही पाहत राहावी अशी. मग 1860 नंतर शुल्ट्झ नावाच्या प्रशियन तोफखाना अधिकाऱ्याची, लाकडापासून केलेली कमी धुराची दारू आली. ती हलकी होती. काळ्या दारूच्या मापाने मापली तरी चाले. पण 1887 साली नोबेलने बॅलिस्टाइट काढले. ते घट्ट दाण्याचे, थोडक्यात पुष्कळ जोर देणारे. जुने माप त्याने भरून बार काढणे म्हणजे नळी फोडायला आमंत्रणच!

बंदुका तपासून ठसा मारण्याची पद्धत इंग्लंडात जुनी. लंडनच्या कारागिरांच्या संघाला 1637 साली सनद मिळाली, बर्मिंगहॅमचे तपासणीघर 1813 चे. नेहमीपेक्षा भारी बार काढून पाहायचा, नळी टिकली तर ठसा. 1896 पासून नव्या दारूसाठी वेगळा ठसा आला. तो नळ्या उतरवून त्यांच्या बुडाच्या सपाट भागावर पाहावा. दमास्कसच्या काही नळ्यांवरही तो असतो, म्हणून नुसत्या नक्षीवरून निकाल देऊ नका. मात्र ठसा हा जन्मदाखला, आजच्या तब्येतीचा नव्हे. नंतर कुणी गंज काढायला आतून नळी घासली असेल, तर ती पातळ झालेली असते. तिची जाडी जाणत्या कारागिराकडून मोजून घ्यावी.

आता लांबीची गोष्ट, आणि हीच खरी मेख. जुन्या विलायती दुनळीचे घर बहुधा अडीच इंची, म्हणजे 65 मिलिमीटर. आजची पुष्कळ काडतुसे 70 ची. हा आकडा मात्र उडालेल्या, तोंड उघडलेल्या काडतुसाचा बरे का! न उडालेल्याचे तोंड दुमडलेले असते, म्हणून ते आखूड भासते आणि लहान घरात आरामात बसते. बार निघताच दुमड उलगडते, पुढच्या निमुळत्या भागात शिरते, छर्‍यांची वाट अडते आणि दाब वाढतो. म्हणून घराची लांबी मोजा, आणि डब्यावरचा आकडा वाचा.

वजनाचाही हिशेब आहे. डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर या बर्मिंगहॅमच्या बंदूककाराने सांगून ठेवले, की बंदूक छर्‍यांच्या 96 पट जड असावी. एक औंस छर्‍यांना सहा पौंडांची बंदूक. साडेसहा पौंडांच्या नाजूक दुनळीत सव्वा औंस भरला, तर खांदा तर दुखेलच, पण दस्त्याला तडा जाईल आणि सांधेही सैल पडतील.

शिसे पाण्यातल्या पाखरांच्या पोटात जाते म्हणून अमेरिकेने 1991 पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत त्याला बंदी केली. मग पोलादी छर्रे आले. ते कडक, दबत नाहीत. जुन्या, तोंडाशी आवळलेल्या नळीला ते सोसत नाहीत. तिकडचे जुन्या दुनळीचे मालक मग बिस्मथचे छर्रे घेतात. महाग पडतात, पण शिशासारखे मऊ असल्याने नळी वाचते.