नाटकाच्या पोटातलं नाटक

बालाघाट जिल्ह्यातल्या बिरसाहून लांजीकडे उतरलं आणि बाघ नदी ओलांडली की आमगाव येतं. मध्ये राज्याची हद्द लागते, पण ती अलीकडची. बालाघाट जिल्हाच मुळी 1867 नंतर मंडला, शिवनी आणि भंडारा यांचे तुकडे जुळवून झालेला. आमगावजवळ पद्मपूर नावाचं खेडं आहे. वा. वि. मिराशींनी नाटककार भवभूतीचं जन्मगाव म्हणून ते ओळखलं. कालिदासाने आपल्या गावाचा पत्ता ठेवला नाही, त्यामुळे निम्मा देश त्याच्यावर हक्क सांगतो. भवभूतीने मात्र सूत्रधाराच्या तोंडून सगळं वदवलं: विदर्भातलं पद्मपूर, काश्यप गोत्र, उदुंबर घराणं, आजा भट्टगोपाल, बाप नीलकंठ. दुर्गला सापडलेला एक वाकाटक ताम्रपट पद्मपूरहून दिलेला आहे. मिराशींनी त्याची आणि नाटकातल्या पत्त्याची सांगड घातली.

या भवभूतीने रंगमंचावरची एक युक्ती अशी वापरली, की ती पहिल्यासारखी राहिली नाही. युक्ती म्हणजे नाटकात नाटक, शास्त्रात ज्याला गर्भांक म्हणतात. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त त्याचं लक्षण दिलंय. अंकाच्या पोटात शिरलेला दुसरा अंक, त्याला स्वतःची प्रस्तावना हवी, स्वतःचं बीज हवं आणि फळही हवं. म्हणजे नाचगाण्याचा एखादा तुकडा घुसडला की गर्भांक झाला, असं नाही. ही अट आजही कामाची आहे. आपली निम्मी ‘नाटकातली नाटकं’ तिच्यात नापास होतील.

युक्तीचा जनक भवभूती नव्हे. त्याच्या शंभरएक वर्षं आधी, सातव्या शतकात, हर्षाच्या ‘प्रियदर्शिके’त ती दिसते. राणी वासवदत्तेपुढे तिच्याच लग्नाची गोष्ट खेळली जाते. राजाचं काम मनोरमा नावाची सखी करणार असते, पण तिच्या जागी खराखुरा राजा शिरतो आणि राणीचं काम करणाऱ्या मुलीचा हात धरतो. राणी बघत बसलेली! गंमत झकास आहे, पण आहे ती लपवाछपवीचीच.

भवभूतीने बघणाऱ्याची जागा बदलली. ‘उत्तररामचरिता’च्या सातव्या अंकात वाल्मीकींनी गंगेकाठी प्रयोग लावलाय, कामं अप्सरा करताहेत, आणि पहिल्या रांगेत राम आहे. समोर चालू आहे त्याने टाकलेल्या सीतेची गोष्ट: ती गंगेत उडी घेते, जुळी मुलं होतात, पृथ्वी आणि गंगा तिला सावरतात. राम उठून बोलू लागतो. लक्ष्मण त्याला आठवण करून देतो की हे नाटक आहे. तरी राम बेशुद्ध पडतो, आणि शुद्धीवर येतो तो खऱ्या सीतेच्या स्पर्शाने. ज्याने लोकांच्या बोलण्यावरून बायको टाकली, त्याला इथे लोकांमध्ये बसून ते पाहावं लागतं. दहा प्रवेशांच्या विलापाने जे साधलं नसतं, ते या बसण्याच्या व्यवस्थेने साधलं. भवभूतीच्या तिन्ही नाटकांत विदूषक नाही, हेही इथे उगाच वाटत नाही. दुःखावरून लक्ष उडवणारं कुणी त्याला नकोच होतं.

पुढे राजशेखराने ‘बालरामायणा’त रावणाला बसवून सीतास्वयंवर दाखवलं. विश्वनाथ उदाहरण देतो ते हेच, भवभूतीचं नाही. शास्त्रकारांची निवड कधीकधी कळत नाही. या राजशेखराचं एक नाटक जबलपूरजवळच्या त्रिपुरीत, कलचुरींच्या दरबारात झालं होतं. म्हणजे बालाघाटच्या एका अंगाला तो आणि दुसऱ्या अंगाला भवभूती.

मराठीत ही युक्ती इंग्लंडहूनही आली. आगरकरांचं ‘विकारविलसित’ 1883 चं, म्हणजे ‘हॅम्लेट’. तिथे प्रयोग पाहून खुनी काका दचकून उठतो. नाटक सापळा होतं.

मग 1967 साली तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगमंचावर आलं. एका गावात प्रयोगाला आलेली हौशी मंडळी वेळ जाईना म्हणून खोटा खटला उभा करतात. आरोपी लीला बेणारे. विश्वनाथाच्या सगळ्या अटी इथे पुऱ्या होतात: प्रस्तावना आहे, बीज आहे, आणि फळ म्हणजे निकाल. बदललंय ते एकच. भवभूतीकडे बघणारा राम हाच दोषी होता आणि खेळ त्याच्यावर उलटला. इथे दोष लावणारेच खेळ खेळतात, आणि बघायला फक्त गावातला भोळा सामंत असतो, त्यालाही साक्षीला ओढलेलं. ‘हे नाटक आहे’ ही लक्ष्मणाची आठवण इथे मंडळी स्वतःच बेणारेला पुन्हा पुन्हा देतात, तिला गप्प करायला. त्यांचा खटला थांबतो, तो दार उघडून गावकरी डोकावतात आणि खेळ सुरू झाला का म्हणून विचारतात तेव्हा.